निळा डोळा, पिवळा डोळा

गेल्या श्रावणातल्या एका रविवारची गोष्ट. गोव्यात म्हार्दोळच्या महालसादेवीच्या सभामंडपात आई खांबाला टेकून उभी होती. बाहेर पाऊस कोसळत होता, आत ओल्या कपड्यांचा, तुपाच्या वातींचा आणि जायांचा दाट वास भरून राहिला होता. गर्भकुडीसमोर गर्दी होती. एरवी वाट काढत पुढे जाणारी आई त्या दिवशी जागची हलली नाही. तिथूनच हात जोडले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आज हिरवी नेसवलीय. आणि उजवीकडे अबोलीचा वळेसर आहे, चांगला मोठा." मी टाचा उंचावून पाहिलं. हिरवीच होती. उजवीकडे अबोलीचा वळेसर होता. त्याच आठवड्यात फोंड्याला डॉक्टरांनी तिच्यासमोर बोटं धरली होती आणि हातभर अंतरापलीकडची बोटं तिला मोजता आली नव्हती. मी हलकेच विचारलं, "तुका दिसली?" ती माझ्यावर चक्क रागावली. म्हणाली, "दिसना जाल्यार हात कित्याक जोडूं?"

दिसत नसेल तर हात कशाला जोडू, ते वाक्य माझ्या मागेच लागलं.

आई खोटं बोलत नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. घरी परतताना गाडीत मी त्या क्षणाची उलटसुलट जुळणी करत बसले. आमच्या पुढे उभ्या असलेल्या दोन बायका देवीला हिरवा रंग कसा खुलतो ते बोलत होत्या, ते आईच्या कानावर पडलं असणार. मोतीबिंदूने वस्तूंच्या कडा आधी जातात, रंग मळके होतात पण राहतात. तेव्हा उजव्या बाजूला तिला एक केशरी डाग दिसला असणार. जायांचा वास देवळाच्या दारापर्यंत येतो, अबोलीला मात्र वास नसतोच, म्हणजे नाकाची मदत नव्हती. पण देवीच्या उजव्या अंगाला केशरी डाग म्हणजे अबोलीच, दुसरं काही असू शकत नाही, हे ती लग्न होऊन या घरात आल्यापासून जाणते. ऐकलेला एक शब्द, एक डाग आणि इतक्या वर्षांचा घरोबा, एवढ्यातून तिने देवी उभी केली. हा अंदाज झाला, बघणं नव्हे, असं कुणी म्हणेल. मलाही थोडा वेळ तसंच वाटलं. पण तिचा राग मला आठवत राहिला. अंदाज बांधणारा माणूस असा रागावत नाही.

मग डोळ्यांविषयी जे हाती लागेल ते मी वाचायला लागले. आईच्या शस्त्रक्रियेचं ठरत होतं म्हणून वाचते आहे असं घरी सांगत होते, ते अर्धंच खरं होतं. वाचत गेले तसतसं लक्षात आलं, की निरोगी डोळ्याला जे मिळतं तेही फार थोडं असतं. हात लांब करून अंगठा उभा धरावा, त्याच्या नखाएवढाच काय तो भाग एका वेळी खरा स्पष्ट दिसतो. बाकी सगळा परिसर धूसर असतो आणि डोळा क्षणाक्षणाला इकडेतिकडे धावून तो वेचत असतो. मज्जातंतू जिथून डोळ्याबाहेर पडतो तिथे तर प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका आहे. सतराव्या शतकात मारिओत नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने तो दाखवून दिला. त्याआधी हजारो वर्षं माणसं ते भोक घेऊन वावरली आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण भोवतालच्या रंगरेषांवरून मेंदू ती जागा भरून काढतो. सगळ्यात विलक्षण वाटलं ते पुढचं. डोळ्यातून निघालेला संदेश मेंदूच्या मागच्या भागात पोचण्याआधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावर थांबतो. त्या ठाण्यावर डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या थोड्या असतात, आणि खुद्द मेंदूकडून उलट येणाऱ्या त्याहून कितीतरी जास्त. बाहेरून जेवढं येतं त्याहून अधिक आतून येतं. आईने खांबापाशी उभं राहून जे केलं तेच आपण सगळे दिवसभर करत असतो. तिच्या वाट्याला बाहेरचं फारच थोडं उरलं होतं, म्हणून ते मला उघडं दिसलं, एवढंच.

१६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न लिहून पाठवला होता. जन्मांध माणूस हाताने चाचपून घन आणि गोल ओळखायला शिकला आहे. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं बघून, यातला घन कुठला आणि गोल कुठला हे तो सांगू शकेल का? मॉलिन्यूंच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती. हे कळलं तेव्हापासून तो प्रश्न मला तत्त्वज्ञानाचा वाटेनासा झाला. एका घरात, एका टेबलापाशी तो सुचला असणार. त्याचं पक्कं उत्तर मिळायला तीनशेहून अधिक वर्षं लागली आणि ते मिळालं आपल्या देशातल्या मुलांकडून. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशने जन्मापासून दृष्टिहीन असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया करवल्या. त्यांतल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच जणांची, दृष्टी येताच, चाचणी घेतली. ठोकळा हाताने चाचपायचा आणि मग समोरच्या दोन ठोकळ्यांतला तोच कुठला हे बघून सांगायचं. २०११ साली नेचर न्यूरोसायन्समध्ये ते निष्कर्ष छापून आले. मुलांना ठोकळे दिसत होते, दोन ठोकळ्यांतला फरकही नजरेने कळत होता. पण हाताला कळलेलं डोळ्याला ओळखता येत नव्हतं. डोळा उघडा, प्रकाश आत, आणि तरी ओळख नाही. मग काही दिवसांतच ती ओळख व्हायला लागली.

त्याच प्रकल्पातली आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. नव्याने दृष्टी आलेल्यांना स्थिर चित्रातली वस्तू कुठे संपते आणि सावली कुठे सुरू होते हे उमगत नाही. एकमेकांवर सरकलेल्या दोन आकृत्यांचे त्यांना तीन तुकडे दिसतात. पण त्यातली एक आकृती हलू लागली की ती चटकन एकसंध होते. जे एकत्र हलतं ते एक, ही त्यांची पहिली शिकवणी. हे वाचल्यावर मला तान्ह्या बाळापुढे खुळखुळा हलवणाऱ्या सगळ्या आज्या आठवल्या.

हिवाळ्यात आम्ही काही जणी रिवणला गेलो होतो. तिथून उसगाळीमळ जवळच. कुशावतीच्या काठावर जांभ्या दगडाची सपाट पसरण आहे आणि तिच्यावर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली चित्रं आहेत, हे आता गोव्यात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मी छायाचित्रं पाहिली होती. तरी त्या पसरणीवर पाऊल ठेवलं तेव्हा मला काहीही दिसलं नाही. तांबडाकाळा दगड, त्यावर सुकलेलं शेवाळ, माती, पाचोळा, जांभ्याला असतात तशी असंख्य भोकं. दुपार होती, ऊन डोक्यावर. एका मैत्रिणीने तर पायाखालीच काही आहे हे कळून दचकून उडी मारली. गावातले एक वयस्क गृहस्थ आमच्यासोबत होते. ते काही बोलले नाहीत. नदीवरून पाण्याची कळशी भरून आणली आणि दगडावर हळूहळू ओतली. हाताने माती सारली. पाणी खाचेत थांबलं, आजूबाजूचा दगड सुकत गेला आणि ओली रेघ उरली. ते म्हणाले, "पळय." मी पाहिलं, रेघ दिसली. त्यांनी बोट रेघेवरून न्यायला सुरुवात केली. पाठीचा उंचवटा, खाली उतरलेलं पोट, मान, आणि मग दोन लांब वळलेली शिंगं. शिंगांपाशी त्यांचं बोट पोचलं आणि बैल उभा राहिला. बोट हललं म्हणून तो एक झाला. मग पुढे मला माझं मलाच दिसू लागलं. इकडे हरीण, तिकडे मोर, पलीकडे एक बाईमाणूस, आणि ते प्रसिद्ध चक्रव्यूहासारखं गोल गोल फिरत आत जाणारं चित्र. आता प्रयत्न करूनही मला तो दगड नुसता दगड म्हणून बघता येत नाही.

ही चित्रं १९९३ साली उजेडात आली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरं तर गावातल्या माणसांनी त्या वर्षी ती अभ्यासकांना नेऊन दाखवली. चित्रं नेमकी किती जुनी यावर विद्वानांत मतभेद आहेत, ते त्यांनी जरूर सोडवावेत, त्याचं मोल मला कळतं. पण गुरांमागे त्या काठावर हिंडणाऱ्या, तिथे भाकरी सोडून बसणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांनी तो बैल पाहिला होता. पावसाळ्यात नदीचा गाळ त्याच्यावर बसतो आणि पावसाळा संपला की तो बाजूला सारावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं बघणं कुठल्या कागदावर चढलं नाही म्हणून ते बघणं नव्हतं, असं मानायला मी तयार नाही. त्या गृहस्थांचं बोट नसतं तर मी त्या बैलाच्या पाठीवर उभी राहून, छान नदी आहे म्हणून परत आले असते. मला तर आता वाटतं, की एकट्याने कुणी काही बघतच नाही. कुणीतरी आधी बघून ठेवलेलं असतं आणि बोट धरून आपल्याला तिथे नेलेलं असतं. आई महालसेला बघते त्यात माझी आजी आहे, आजीची सासू आहे.

तोच जांभा दगड आमच्याकडे सड्यांवर, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावर, मैलोन् मैल पसरलेला आहे. एप्रिल-मेमध्ये सडा करपलेला असतो, तापलेल्या दगडावर गवताच्या पिवळ्या काड्या तेवढ्या. बाहेरून आलेला माणूस गाडी थांबवून म्हणतो, ही जागा रिकामी पडून आहे. मृगानंतर त्याच दगडाच्या खळग्यांत पाणी साचतं आणि बोटभर उंचीची हिरवळ येते. मग सीतेची आसवं फुलतात, निळीजांभळी, लाखोंनी. दवबिंदूची लालसर चिकट पानं किडे धरत बसतात. ही दोन्ही मांसाहारी झाडं, कारण त्या दगडावर मातीचं पोषणच नाही. आणि सड्याने शोषलेलं पाणी खाली उतरतं, पायथ्याच्या वाड्यांतल्या झरींना आणि कुळागरांना वर्षभर पुरतं. सुपारीच्या बागेत उभं राहून वर बोट दाखवणारा बागायतदार सड्याला कधीच रिकामा म्हणणार नाही. ज्याला हे दाखवायला कुणी भेटलं नाही त्याच्यासाठी तो फक्त भाव करायचा भूखंड आहे. ज्या खिडकीतून हिरवं शेत दिसतं म्हणून सदनिका महाग विकली जाते, त्या शेतात कोण काय पेरतं हे त्या खिडकीतल्या माणसाला माहीत नसतं. हे लिहिताना माझा जीव तुटतो. गेल्या काही वर्षांत मी ओळखीचे सडे एकेक करून जाताना पाहिले आहेत.

यंदा वैशाखात आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात बसवतात त्या कृत्रिम भिंगाची कथा मी तिला आदल्या रात्री सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या अ‍ॅक्रिलिक काचेच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायच्या. हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं, की ती कपची डोळ्यात नुसती पडून राहते, डोळा तिच्यावर चिडत नाही. कपच्या इतरांनीही पाहिल्या असतील. यातून भिंग करता येईल हे रिडलींना उमगलं आणि १९४९ साली त्यांनी पहिलं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोरांचे डोळे बरे झाले का पण?" मला उत्तर देता आलं नाही.

पट्टी निघाली त्या सकाळी ती पहिल्यांदा बोलली ते निळ्याबद्दल. नर्सच्या गणवेशाची कड, खिडकीबाहेरच्या दुकानावरची ताडपत्री, आकाश. मोतीबिंदू झालेलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवून धरतं. इतकं हळू, की कुणाला पत्ता लागत नाही. आईच्या आयुष्यातून निळा कधी गेला हे तिलाही माहीत नव्हतं. घरी आल्यावर तिने पाठीमागच्या खोलीतला चुना उडालेला कोपरा बघितला, तांब्यापितळेच्या भांड्यांवरचे डाग बघितले, स्वतःचे हात बराच वेळ बघितले. माझ्या चेहऱ्याकडे बघून काहीच बोलली नाही, फक्त केसांवरून हात फिरवला. मग आठवडाभर ती थोडी गप्पच होती. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की तिला नुसता आनंद होईल. मला तिच्या गप्प राहण्याचं नवल वाटलं नाही. ज्या घरात ती डोळे मिटून वावरत होती ते घर कुणीतरी बदलून टाकलं होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही म्हार्दोळला गेलो. गर्दी नव्हती, अगदी समोर जाऊन उभी राहिली ती. मी देवीकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग म्हणाली, "इतकी लहान?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण भक्तीही नव्हती. कितीतरी वर्षांत तिच्या आतली महालसा मोठी होत गेली असणार, प्रत्येक रविवारी थोडी थोडी, आणि आता समोरच्या मूर्तीशी तिचा मेळ बसेना. थोड्या वेळाने तिने डोळे मिटले, मग हात जोडले. बाहेर आल्यावर कासवाच्या पाठीवर उभ्या असलेल्या त्या उंच पितळी दीपस्तंभापाशी थांबून तिने कासवाचे पाय बोटांनी चाचपले आणि बघून घेतले, बघितले आणि परत चाचपले. एका क्षणी मला प्रोजेक्ट प्रकाशमधली मुलं आठवली. हातातली ओळख ती डोळ्यात भरून घेत होती. त्यानंतर ती बऱ्याच वेळा देवळात गेली आहे आणि लहानमोठं काही बोललेली नाही. दोघींचं जमलं असावं.

डावा डोळा अजून तसाच आहे. त्यामुळे तिच्याकडे सध्या दोन जगं आहेत. उजवा मिटला की सगळं पिवळं, कडा विरघळलेल्या. डावा मिटला की निळं, धारदार, प्रत्येक पान सुटं. हा तिचा रोजचा उद्योग झाला आहे. अंगणातल्या जास्वंदीवर, नातवाच्या शर्टावर, जेवणाच्या पानातल्या हुमणावर ती एकेक डोळा झाकून बघते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधतात, तिच्या फोंड्याच्या बाजारात चवथीच्या आधी तिला घेऊन गेले तेव्हाही तेच. कांगलां, माट्टां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगणं, सुपारीचे शिंपटे, रानातून आलेला सगळा ऐवज रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडलेला. यातली अर्धी नावं आमच्या पुढच्या पिढीला येत नाहीत, आणि नाव येत नाही ते फळ रानात समोर लटकत असलं तरी त्यांना दिसणार नाही, ही माझी कायमची काळजी. म्हणून मी भाचीला मुद्दाम बरोबर आणलं होतं. आई एकेक फळ उचलायची, वास घ्यायची, देठ नखाने टोकरायची, मग भाचीच्या हातात ठेवून नाव सांगायची. कांगलांचा घोस उचलून तिने आधी एका डोळ्याने पाहिला, मग दुसऱ्याने. विकणारी बाई म्हणाली, "माय, ताजींच आसात." आई म्हणाली, "ताजी आहेत गं, तांबडी किती आहेत ते बघत होते."

डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या डोळ्याला आता उशीर नको. मीही तेच म्हणते. आई टाळते आहे. एकदा रात्री झोपताना कारण सांगितलं तिने. म्हणाली, नव्या डोळ्याने यंदाची माटोळी दिसते, जुन्याने सासूबाईंच्या वेळची, समईच्या उजेडातली. ही एक चवथ दोन्हींनी बघू दे. मी तिला वचन दिलं आहे. तुळशीच्या लग्नाआधीच्या आठवड्यातली तारीख मात्र घेऊन ठेवली आहे.